खोटे ४५० वॅट, खरे २४० वॅट

लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटरचं कोटेशन नेहमी एकाच क्रमाने लिहिलं जायचं. वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी-रॉम, मॉनिटर. आणि अगदी खाली, कीबोर्ड-माउसच्या आसपास, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे बाहेरचा डबा आणि त्यातला वीज पुरवणारा भाग. गिऱ्हाईक वरच्या चार ओळींवर जिवाच्या आकांताने घासाघीस करायचं. पाच दुकानं फिरून आल्यामुळे प्रोसेसरचा भाव त्याला तोंडपाठ असायचा, तिथे शेठला शंभर रुपये सुटायचीही मारामार. कॅबिनेटचा भाव मात्र कोणी विचारत नसे. “ते घाला हो काहीतरी बरंसं,” म्हणायचे. शेठचं दुकान त्या ‘काहीतरी बरंसं’वर चालायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी तिथल्या एका पोटमाळ्यावरच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागलो. पुढे डोंबिवलीत स्वतःचं दुकान टाकलं. पोऱ्याचं काम म्हणजे धावणं. दुकानात माल फारसा नसायचाच. गिऱ्हाइकाने कोटेशनला हो म्हटलं, की मी मागच्या जिन्याने खाली उतरायचो. प्रोसेसर एका डीलरकडून, रॅम समोरच्या इमारतीतून, कॅबिनेट गल्लीतल्या गोडाउनमधून. सगळं चिठ्ठीवर, हिशेब संध्याकाळी. गिऱ्हाईक बाकड्यावर कटिंग पीत बसलेलं असायचं आणि त्याची समजूत अशी, की माल आतल्या खोलीतून येतोय. आतली खोली नव्हतीच.

या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टनच राहिला. जुन्या मुंबईकराला हा रस्ता सिनेमाचा म्हणून आठवतो: मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला ‘शोले’, नाझच्या इमारतीतली वितरकांची ऑफिसं. पण त्याच फुटपाथला लागून रेडिओ, टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर यांचे सुटे भाग विकणारी दुकानंही होती. कॉम्प्युटर आला तेव्हा त्या लोकांना तो काही चमत्कार वाटला नाही. सुटे भाग जोडून होणारी आणखी एक वस्तू, बस. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीचं, दिल्लीत नेहरू प्लेसचं, चेन्नईत रिची स्ट्रीटचं थोड्याफार फरकाने हेच.

जोडता येण्याजोगी ती वस्तू झाली त्याचं श्रेय आयबीएमला. १९८१ चा आयबीएम पीसी घाईत केलेला होता. बाजारात मिळणारे भाग वापरलेले आणि सर्किटचे आराखडे पुस्तकात छापून दिलेले. त्यावरून नकला निघाल्या, नकलांचे भाग तैवानात बनू लागले आणि आपल्याकडे १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणानंतर, खरं तर १९९१ नंतर, ते येऊ लागले. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान उत्पादनांच्या जागतिक करारात सामील झाला आणि या मालावरची कस्टम ड्यूटी टप्प्याटप्प्याने कमी होत २००५ पर्यंत शून्यावर आली. आमच्या धंद्याची सुगी नेमकी या आठ वर्षांतली.

आकाराचं सांगतो. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं माप आणलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा बोर्ड. १९९७ च्या शेवटी मायक्रो-एटीएक्स आला, २४४ बाय २४४. आपल्याकडे खपला तो हा लहान बोर्डच, कारण तो स्वस्त. पण बसायचा कशात? तर गुडघ्याच्या वर येणाऱ्या टॉवर कॅबिनेटमध्ये. निम्मा डबा रिकामा, आत नुसत्या वायरी लोंबतायत. मुंबईतल्या चाळीच्या खोलीत किंवा डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये असला डबा ठेवणं म्हणजे पलंगाखालची ट्रंक बाहेर काढण्याची वेळ. तरी लोकांना तोच हवा असायचा. डेस्कवर आडवं झोपणारं स्लिम कॅबिनेट दाखवलं, की गृहस्थ म्हणायचे, “एवढे पैसे घेता आणि डबा एवढासाच?” मोठा डबा हे पैसे लागल्याचं प्रमाणपत्र होतं.

आणि त्या मोठ्या डब्यात यायचा तो एसएमपीएस. बाहेरून चंदेरी पत्रा, वर स्टिकर: ४५० वॅट. आधी ३०० लिहायचे, मग ४००, मग ४५०, ५००. आतला माल बदललेला नसायचा, स्टिकर बदललेलं असायचं. हे कळायला मीटर लागत नाही. एक तर तळहातावर तोलून बघायचं. खरा एसएमपीएस जड असतो, कारण आत तांब्याची गुंडाळी आणि ॲल्युमिनियमचे हीट सिंक असतात. दुसरं, झाकण उघडून वीज आत येते तिथे बघायचं. छापील पट्टीवर फिल्टरच्या कॉइलची जागा आखलेली असायची आणि तिथे कॉइलऐवजी तारेचा एक तुकडा डाग देऊन बसवलेला. काम चालतं, वाचलेले पैसे खिशात. तिसरं आणि सगळ्यात सोपं, स्टिकरच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरात असलेला तक्ता. त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं आणि १२ ने गुणायचं. १० अँपिअर असतील तर १२० वॅट. वर साडेचारशे लिहिलेलं असलं तरी ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला येणार एवढंच, कारण आजचे दोघेही जेवतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर.

आधी हे खपून गेलं, कारण जुनी मशीन्स मुळात कमी खायची. मुलांनी खेळायला सुरुवात केली तेव्हा लबाडी उघडी पडली. इंटेलचा सेलेरॉन ३००ए ऑगस्ट १९९८ मध्ये आला. स्वस्तातला प्रोसेसर, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच ३०० चा ४५० होऊन पळायचा. महागड्या पेंटियम टूच्या तोंडात मारेल असा. कॉलेजची मुलं दुकानात येऊन नुसता ‘३००ए’ एवढाच शब्द उच्चारायची, बाकी कोटेशनशी देणंघेणं नाही. मग पेंटियम फोर आला आणि त्याच्यासोबत बोर्डावर १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर. जुन्या एसएमपीएसला ती वायरच नसायची. अपग्रेड म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम एवढंच असं गृहीत धरून आलेल्या माणसाला आता शेवटची ओळही बदलावी लागेल हे सांगताना शेठ मला पुढे करायचे.

त्या काळातलं अपग्रेड हा सबंध कुटुंबाचा व्यवहार होता, हे आता कुणाला सांगून पटत नाही. थोरल्याचा जुना बोर्ड मावसभावाकडे, मावसभावाचा त्याहून जुना एमएस-सीआयटीचा सराव करणाऱ्या वहिनीकडे. कॅबिनेट मात्र जागचं हलत नसे. म्हणजे खोटा ४५० वॅटचा डबा तसाच राहून त्याच्या आत दर दोन-तीन वर्षांनी जास्त भुकेला संसार यायचा.

डोंबिवलीत दुकान टाकल्यावर मला आणखी एक धडा मिळाला. मुंबई शहरात वीज जात नसे. कल्याण-डोंबिवली महावितरणच्या हद्दीत, तिथे भारनियमन होतं, आणि दोन हजारच्या दशकातलं ते भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लाइट गेल्याने एसएमपीएस जात नाही, लाइट येताना जातो. येतानाच्या झटक्यात तो फटाक्यासारखा उडायचा, जाताना कधी बोर्डालाही घेऊन जायचा. एका घाऊक विक्रेत्याने मला असे उडालेले नग वॉरंटीत बदलून द्यायला साफ नकार दिला. ‘जळलेला माल वॉरंटीत येत नाही’ हे त्याचं उत्तर. न जळलेला एसएमपीएस कोण परत करायला आणेल, हा प्रश्न मी विचारला, त्याचं उत्तर अजून यायचंय. तेव्हापासून मी कोटेशन उलट्या क्रमाने लिहायला लागलो. पहिली ओळ एसएमपीएस. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, जी राहिली ती मुलांनाही घेऊन आली.

ग्राफिक कार्डाच्या ओळीतली गंमत निराळी. तिथे स्टिकरवर फुगवायचा आकडा मेमरीचा. चिप दुबळी, पण तिच्यावर १ जीबी, २ जीबी स्वस्त मेमरी लावायची आणि खोक्यावर तो आकडा मोठ्या टायपात छापायचा. वडील खोका हातात घेऊन विचारायचे, “याच्यात दोन आहेत, त्याच्यात एकच, मग तो महाग कसा?” अलीकडचा मासला हवा तर जीटी १०३० घ्या. २०१७ साली हे छोटं कार्ड जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं, सेकंदाला ४८ जीबी माहितीची ये-जा करणारं. पुढच्या वर्षी त्याच नावाचं, तसंच दिसणारं कार्ड साध्या डीडीआर४ मेमरीवर आलं. त्याची ये-जा १६.८ जीबी. नाव एक, मेमरीचा वेग जवळजवळ तिसरा हिस्सा. फरक खोक्याच्या एका कडेला लिहिलेला असतो. दुकानदार ती कड भिंतीकडे करून ठेवतो.

भावाबद्दल फार लिहीत नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला, रॅम चढली. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, हार्ड डिस्कचे भाव दुप्पट. २०१७-१८ आणि पुन्हा २०२१ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक कार्डं उचलली आणि खेळणारी पोरं हात चोळत बसली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने कार्डांवरचं खणणं बंद केलं, तशी ती दमलेली कार्डं सेकंडहँड बाजारात आली. २०२५ च्या अखेरीस पुन्हा रॅम पेटली, या खेपेला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांमुळे. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी वाटतं की भाव मीच वाढवलाय.

आता लहान डब्याकडे येतो. तैवानच्या शटल कंपनीने २००१ मध्ये बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर विकायला काढला. त्याच वर्षी तैवानच्याच व्हीआयए कंपनीने १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला. पुढे परदेशात लहान डब्यांचा एक शौकच झाला: कोण किती लिटरमध्ये किती ताकदीचं मशीन बसवतो याच्या पैजा. लॅमिंग्टन रोडवर हा माल दिसायचा तो काचेच्या कपाटात. लहान बोर्ड मोठ्या बोर्डाहून महाग, लहान एसएमपीएस मोठ्याहून महाग, लहान डबा तर सगळ्याहून महाग. आमच्या गिऱ्हाइकाला कमी जागेसाठी जास्त पैसे मोजणं हे फक्त फ्लॅटच्या बाबतीत मान्य होतं.

त्यामुळे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गी घरात गेमिंगचा लहान डबा आला तो शौकाच्या दारातून आलाच नाही. तो आला ऑफिसच्या भंगारातून. बँका, कॉल सेंटरं, आयटी कंपन्या ठरावीक वर्षांनी मशीन्स बदलतात. जुनी लिलावात जातात, लॉटने उचलली जातात, पुसून-झटकून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून दुकानात येतात. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा आधार संपला, त्या सुमारास ही आवक वाढली. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऑनलाइन शाळेसाठी जो तो मिळेल ते मशीन शोधू लागला. माझ्या दुकानात तेव्हा नवं काही नव्हतं. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर यांच्या थप्प्या होत्या. शाळा सुटली की त्याच मशीनवर व्हॅलोरंट हा गेम चालवायचा, म्हणजे मग माझ्याकडे यायचं.

लालबागच्या एका मुलाचं मशीन उदाहरणादाखल उघडतो. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, स्मॉल फॉर्म फॅक्टर, २०१२ चं. (डेलने २०२३ मध्ये हाच आकडा पुन्हा वापरला, त्यामुळे जाहिरातीतल्या नुसत्या ‘७०१०’ वर जाऊ नका.) जाडी साधारण ९ सेंटीमीटर, टीव्हीच्या शेल्फवर आडवं मावतं. आत थर्ड जनरेशनचा आय५-३४७०, चार कोअर, ७७ वॅटचा. पंख्याभोवती ऑफिसच्या कार्पेटची राखाडी लव. आणि कोपऱ्यात लांबट एसएमपीएस, स्टिकरवर २४० वॅट.

मुलाचा चेहरा पडला. त्याच्या मामाच्या घरच्या जुन्या टॉवरमध्ये ५०० चा होता म्हणे. मी तो लांबट एसएमपीएस काढून त्याच्या हातात दिला. जड लागला. तो त्याने मामाकडच्याशी मनातल्या मनात तोलला असावा, कारण मग गप्प झाला. ब्रँडेड ऑफिस मशीनमधले २४० वॅट हे खरे २४० असतात. कंपनीला हजारो मशीन्सची वॉरंटी निभवायची असते, तिथे तारेच्या तुकड्याचा कारभार चालत नाही. मात्र तो बदलता येत नाही. माप वेगळं, आणि पुढच्या ९०२० सारख्या मॉडेलात तर बोर्डाला जाणारा मुख्य कनेक्टरच नेहमीच्या चोवीस पिनांऐवजी आठ पिनांचा. कार्डासाठी वेगळी वायरही नाही. म्हणजे कार्ड असं हवं की जे नुसत्या स्लॉटवर जगेल. स्लॉट देतो ७५ वॅट.

इथे सगळी निवड उलटी होते. टॉवरमध्ये आधी कार्ड ठरवायचं आणि वीज देवाच्या भरवशावर सोडायची. या डब्यात आधी वीज, मग उंची, मग जाडी, आणि या तीन चाळण्यांतून जे खाली पडेल ते कार्ड. असं पहिलं खरं कामाचं कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, फेब्रुवारी २०१४, फक्त ६० वॅट. मग २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, ७५ वॅट, ४ जीबी. त्याचीच अर्ध्या उंचीची, लो-प्रोफाइल आवृत्ती या मुलाला हवी होती. प्रोसेसरचे ७७, कार्डाचे ७५, बाकीच्याला ३०-४० धरले तरी दोनशेच्या आत. खऱ्या २४० मध्ये आरामात.

कार्ड सेकंडहँड मिळालं, टेस्टिंग वॉरंटीवर. म्हणजे घरी नेऊन लावून पाहायचं, चाललं तर तुमचं नशीब. अर्ध्या उंचीची पट्टी मात्र खोक्यात नव्हती. विकणाऱ्याने ती हरवलेली असते, नेहमीच. या पट्टीच्या दोन दमडीच्या पत्र्यासाठी मी गल्लीतल्या तीन दुकानांत फोन लावले. शेवटी एका मेलेल्या जीटी ७१० ची काढून आणली, एचडीएमआयचं भोक कानशीने थोडं मोठं केलं, बसली. उरलेल्या पैशात ४ जीबीच्या एकाऐवजी रॅमच्या दोन जुळ्या पट्ट्या आणि एक लहान एसएसडी. नवा प्रोसेसर मागत होता, नाही म्हणालो. आय५ वरून आय७ वर जायला जे लागतात त्याहून कमीत रॅम आणि एसएसडी येते, आणि फरक त्याच्या आईलाही कळतो.

२०२२ साली आलेलं आरएक्स ६४०० कागदावर यासाठी आदर्श दिसतं: ५३ वॅट, अर्ध्या उंचीचं, एका स्लॉटचं. पण ते बोर्डाशी माहितीच्या चारच वाटांवर, म्हणजे लेनवर, बोलतं, आणि त्या चार लेन चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या धरलेल्या आहेत. जुन्या ऑफिस मशीनमध्ये तिसरी पिढी, त्याहून जुन्यात दुसरी. तिथे हे कार्ड अडखळतं. ऑफिसच्या डब्यासाठी घडवल्यासारखं कार्ड नेमकं ऑफिसच्या जुन्या डब्यात कमी पडावं, याला काय म्हणायचं! फेब्रुवारी २०२४ च्या आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती बरी: ७० वॅट, लो-प्रोफाइलमध्ये मिळते, लेन आठ. किंमत मात्र निम्म्या रिफर्बिश्ड मशीनला लाजवेल अशी.

लालबागचं ते मशीन अजून चालू आहे, पण त्याची पिढी संपली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरला सहसा अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि त्यावर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी लागतात. थर्ड आणि फोर्थ जनरेशनच्या थप्प्या त्यामुळे आता किलोच्या भावाकडे निघाल्यात. त्यांच्या जागी ऑफिसांतून आठव्या-नवव्या पिढीची मशीन्स येऊ लागली आहेत. घ्यायचंच असेल तर त्यातलं घ्या. पैसे देण्याआधी झाकण काढायला सांगा, एसएमपीएसच्या स्टिकरवरच्या १२ व्होल्टच्या ओळीचा फोटो काढा, कार्डाच्या जागेची उंची आणि शेजारी किती स्लॉट मोकळे आहेत ते पट्टीने मोजा, आणि मगच कार्डाचा भाव विचारा. झाकण काढायला नाही म्हणणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका.